घाव जुना, पदक बाकी : कागद कोणते, खर्च किती

आधी पैशाचं बोलू. पराक्रम पदकासाठी सरकार तुमच्याकडून एक रुपयाही घेत नाही. अर्जाला फी नाही, पडताळणीला शुल्क नाही, पदकाची किंमत द्यावी लागत नाही. ‘दिल्लीत आपला माणूस आहे, फाइल हलवायला थोडं लागेल’ असं कुणी म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

खर्च होतो तो जुने कागद गोळा करण्यात. टपाल, झेरॉक्स, माहितीच्या अधिकाराचे दोन-तीन अर्ज आणि एखादं प्रतिज्ञापत्र. क्रमानं गेलात तर हे सगळं हजार रुपयांच्या आत बसतं. क्रम चुकला, की लष्करी कार्यालयांच्या फेऱ्या, वकिलाची फी आणि एजंटाचं ‘बघतो’ सुरू होतं. म्हणून क्रम सांगतो.

पदक कुणाला मिळतं?

पराक्रम पदक म्हणजे पूर्वीचं वुंड मेडल. जुन्या कागदांवर तेच नाव सापडेल. पांढऱ्या फितीच्या मधोमध लाल पट्टा, ते हे. नाव जरा फसवं आहे. पदक जखमेचं आहे, शौर्याचं नाही. वीरचक्र किंवा सेना पदकाला वरिष्ठांची शिफारस लागते, ती वर जाते, तिथं निवड होते. तीस वर्षांपूर्वीच्या चकमकीसाठी आज ते मागून मिळेल अशी आशा धरू नका. पराक्रम पदकाला शिफारस लागत नाही, पुरावा लागतो. म्हणूनच उशिरा मागणं शक्य आहे.

अट एकच, पण ती ताठ आहे : जखम शत्रूच्या थेट कारवाईतून झालेली हवी. युद्ध असो, सीमेवरची चकमक असो की अतिरेक्यांविरुद्धची मोहीम. गोळी, तोफगोळ्याचा छर्रा, ग्रेनेड, पेरलेला स्फोटक सुरुंग, हे बसतं. गाडी दरीत गेली, हिमदंशानं बोटं गेली, कड्यावरून पाय घसरला, हे बसत नाही, मग तुम्ही त्या वेळी नियंत्रण रेषेवर का असेना. अशा दुखापतीलाही ‘बॅटल कॅज्युअल्टी’चा दर्जा मिळू शकतो, त्यानं पेन्शनमध्ये फरक पडू शकतो, पण पदक मिळत नाही. बॅटल कॅज्युअल्टीची व्याख्या मोठी, पदकाची लहान. हा फरक कळला नाही म्हणून कित्येक अर्ज पहिल्याच टेबलावर परत येतात.

जवान, नायक, सुभेदार, अधिकारी, कुणालाही हे पदक मिळतं. जखमी सैनिक हयात नसेल तर पत्नीनं अर्ज करावा, पत्नी नसेल तर पुढच्या वारसानं.

पदकामागे नको, नोंदीमागे लागा

सगळ्या प्रकरणाची चावी एका कागदात असते. तुम्ही जखमी झालात तेव्हा युनिटनं वर संदेश पाठवला, आणि मग ‘पार्ट टू ऑर्डर’ काढून तुमच्या नावापुढं बॅटल कॅज्युअल्टी अशी नोंद केली. ही ऑर्डर पुढं तुमच्या शीट रोलमध्ये चढते. शीट रोल म्हणजे तुमच्या नोकरीची कुंडली : भरती, बदल्या, बढत्या, शिक्षा, लग्न, मुलं आणि जखमा. ही एक ओळ तिथं असेल आणि जखम शत्रूच्या कारवाईतली असेल तर पदकाचं काम जवळपास झालंच समजा, उरतो तो पत्रव्यवहार. ती नसेल तर पदक मागण्याआधी ती ओळ चढवून घेण्यासाठी भांडावं लागतं.

आणि हीच ओळ पेन्शनही ठरवते. पदकाबरोबर पैसे येत नाहीत, भत्ता नाही, एकरकमी बक्षीस नाही. पैसे आहेत ते ‘वॉर इन्जुरी पेन्शन’मध्ये. त्यामुळे अर्ज लिहिताना पहिली मागणी नोंदीची करा, दुसरी पदकाची. हिशेब पुढं देतो.

घरातली पेटी उघडा

कुठंही जाण्याआधी घरातली ती लोखंडी ट्रंक काढा. हवेत ते कागद हे : डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, सेवा संपताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत, दुखापतीचा अहवाल आणि असतील तर त्या काळातली पत्रं, तारा, वर्तमानपत्राची कात्रणं. डिस्चार्ज बुकातला पदकांचा रकाना आणि जखमांची नोंद असेल ते पान आधी वाचा. कित्येकांचं पदक मंजूर झालेलं असतं, फक्त हातात आलेलं नसतं. मग नव्यानं दावा करायची गरज नाही, ‘मंजूर पदक पाठवा’ एवढं एका ओळीचं पत्र पुरतं.

रुग्णालयाच्या कागदावर एक शब्द डोळ्यांत तेल घालून बघा : जखमेचं कारण. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांच्या मांडीत आजही छर्रा आहे, एक्स-रेमध्ये तांदळाएवढा ठिपका दिसतो, पण त्यांच्या स्लिपवर कुणीतरी ‘पडल्यामुळे’ असं लिहून ठेवलं होतं. त्यांना तीन वर्षं कळेना की नकार का येतोय. असा शब्द सापडला तर तो लपवू नका. अर्जात स्वतःहून दाखवा, सोबत एक्स-रे जोडा आणि दुरुस्ती मागा.

एक्स-रेचे पैसे घालवू नका. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सभासद असाल तर पॉलिक्लिनिकमधून तो मोफत होतो. डॉक्टरांकडून ‘धातूचा तुकडा शरीरात आहे’ असं लेखी घ्या. आणि एक काळजीचं : अंगात छर्रा असेल तर कुठल्याही एमआरआयच्या आधी तंत्रज्ञाला ते सांगाच. तिथलं चुंबक आतल्या धातूला ओढतं.

झेरॉक्सच्या प्रत्येक प्रतीवर स्वतः सही करून ‘सत्यप्रत’ लिहा. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी वणवण करायची गरज राहिलेली नाही, स्वसाक्षांकन चालतं. आधारची प्रत द्यायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या. मूळ कागद टपालानं कधीही पाठवू नका. ‘मूळ दाखवा’ असं सांगितलं तर स्वतः जा, दाखवा आणि परत घेऊन या.

अर्ज कुठं करायचा?

जिल्हाधिकारी कार्यालयात नाही, आमदारांकडे नाही, संरक्षणमंत्र्यांना थेट पत्रही नको. पत्र फिरून शेवटी तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसलाच येतं, फक्त चार महिने उशिरा. तेव्हा सरळ तिथंच पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, गार्ड्सचं नागपूरजवळ कामठीला, चिलखती दलाचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांचं काम मुंबईत मानखुर्दला, हवाईदलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी मात्र दिल्लीला, लष्करी मुख्यालयातल्या अॅडज्युटंट जनरल शाखेकडे लिहायचं.

अर्ज एका पानाचा हवा. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख. खाली : जखमी झाल्याची तारीख, जागा, मोहिमेचं नाव, कंपनी, जखम कुठं झाली, कोणत्या रुग्णालयात किती दिवस होता. तारीख आठवत नसेल तर अंदाजे लिहा आणि ‘अंदाजे’ हा शब्दही लिहा. ठाम लिहिलेली चुकीची तारीख पुढं गळ्यात येते. मग दोनच मागण्या : बॅटल कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर निघाली असल्यास तिची प्रत द्यावी, निघाली नसल्यास काढावी, आणि त्या आधारे पराक्रम पदक द्यावं. लढाईचं वर्णन, देशासाठी काय सोसलं, सरकारनं काय दिलं नाही, हे सगळं या पानावर नको. वाचणारा क्लार्क आहे, त्याला नंबर आणि तारीख हवी.

दुसरी प्रत तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. तिथं काम मोफत होतं, आणि त्यांच्या शिफारसपत्रासह गेलेल्या अर्जाला उत्तर येण्याची शक्यता वाढते. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

टपालाचा हिशेब : रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद होऊन स्पीड पोस्टमध्ये मिसळली. आता गावाबाहेरच्या पत्राला ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये आणि जीएसटी, पत्त्यावरच्याच माणसाच्या हाती पडावं म्हणून ‘रजिस्ट्रेशन’ जोडलं तर ५ रुपये जास्त. कागद जास्त झाले की वजन ५० ग्रॅमच्या वर जातं आणि दर अंतरावर ठरतो. युनिटला पत्र लिहाल तर पत्ता ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असेल. तिथं खासगी कुरिअर पोचत नाही. कुरिअरवाला पैसे घेईल, पत्र घेईल आणि दहा दिवसांनी परत आणून देईल. एपीओला फक्त सरकारी टपाल.

उत्तर येत नाही, मग दहा रुपये काढा

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही की स्मरणपत्रांत वेळ घालवू नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तीही नाही. कागदांच्या प्रतीला पानामागं २ रुपये. फाइल स्वतः जाऊन बघायची तर पहिला तास फुकट, पुढं तासाला ५ रुपये. टपालानं करत असाल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. ऑनलाइन करायचा तर केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर सार्वजनिक प्राधिकरण म्हणून भारतीय सेना निवडा. त्या पोर्टलवर १० रुपयांपलीकडे काही लागत नाही. नावात ‘आरटीआय’ असलेल्या खासगी वेबसाइट्स यासाठी शेकडो रुपये घेतात. कायदा मराठीत अर्ज करायलाही मुभा देतो, पण सागर किंवा जबलपूरला पाठवताना हिंदीत लिहिलात तर भाषांतराच्या नावाखाली होणारा उशीर टळेल.

इथं एक चूक सगळे करतात. ‘मला पदक का दिलं नाही?’ असं विचारतात. माहितीचा अधिकार ‘का’ला बांधील नाही, कागदाला बांधील आहे. कागद मागा : शीट रोलची पूर्ण प्रत, अमुक महिन्यातली माझ्या नावाची पार्ट टू ऑर्डर, युनिटनं पाठवलेला कॅज्युअल्टीचा संदेश, रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावरची टिपणी आणि तो सध्या कुणाच्या टेबलावर आहे ते. शेवटची मागणी विसरू नका. अडलेल्या कित्येक फाइली तिच्यामुळंच हलतात.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील, तेही मोफत. पत्नी किंवा मुलगा अर्ज करत असेल तर नात्याचा पुरावा आणि असल्यास मृत्यूदाखला सोबतच जोडा, नाहीतर ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार येतो. आणि हे सैन्यापुरतं आहे. बीएसएफ, सीआरपीएफ, आसाम रायफल्स या दलांना माहितीच्या अधिकारातून वगळलेलं आहे. तिथं भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच हा कायदा लागू होतो.

‘कागद नष्ट केले’ असं उत्तर आलं तर

हे उत्तर खोटंच असतं असं समजू नका. पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्यांची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियमच आहे. पेन्शनरांची याहून जास्त काळ ठेवतात. मात्र ‘लाँग रोल’ नावाचं मोठं रजिस्टर ठेवलेलं असतं, त्यात नंबर, नाव, भरती, निवृत्ती, कारण एवढं तरी असतं. तेव्हा पुढचा दहा रुपयांचा अर्ज दोन गोष्टींसाठी करा : लाँग रोलमधल्या माझ्या नोंदीची प्रत, आणि कागद नष्ट केल्याच्या प्रमाणपत्राची प्रत. दुसरं मागितलं की कधीकधी ‘नष्ट’ झालेले कागद सापडतात. अनुभव आहे म्हणून सांगतो.

खरोखरच गेले असतील तर पुरावा बाहेरून उभा करावा लागतो. तुमच्याच प्लाटूनमधले दोन-तीन साथीदार गाठा. शेजारच्या पलटणीतला मित्र नको, त्या दिवशी तिथं हजर असलेला हवा. त्याच्या जबाबात चार गोष्टी याव्यात : तो तुमच्याबरोबर कुठं होता, त्यानं स्वतः काय पाहिलं, तुम्हाला मागं कुणी नेलं, त्याचा स्वतःचा आर्मी नंबर. तेव्हाचे कंपनी कमांडर हयात असतील तर त्यांचं पत्र सगळ्यांत वजनदार. शोधायला अवघड जात नाही. रेजिमेंटच्या सेंटरच्या वर्धापनदिनाला आणि माजी सैनिकांच्या मेळाव्याला जा, तिथं कोण कुठं आहे हे सांगणारा एक तरी सुभेदारसाहेब भेटतोच. शिवाय प्रत्येक पलटणीचे व्हॉट्सअॅप गट आहेत. फक्त तिथं डिस्चार्ज बुकाचे फोटो टाकू नका.

युनिटची वॉर डायरी हाही आधार आहे. संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग दिल्लीत ती सांभाळतो, आणि जून २०२१च्या धोरणानुसार साधारण २५ वर्षांनी अशा नोंदी खुल्या करायच्या आहेत. डायरीत प्रत्येक जवानाचं नाव सापडेल असं नाही. पण अमुक तारखेला अमुक ठिकाणी तोफांचा मारा झाला, इतके जखमी झाले, एवढं सापडलं तरी साथीदारांच्या जबाबाला टेकू मिळतो.

साथीदारांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर घेताना इथला छुपा खर्च ओळखा. स्टॅम्प विकणारा ‘आता पाचशेचाच लागतो’ म्हणून ५०० रुपयांचा कागद हातात ठेवतो. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर टाइप करा आणि सेतू केंद्रातून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर करून घ्या, खर्च फक्त केंद्राच्या सेवाशुल्काचा. साथीदार परराज्यात असेल तर तिथला नियम तिथं विचारा.

असाच दुसरा खड्डा नावाचा. डिस्चार्ज बुकात ‘बाबू राव’, आधारवर ‘बाबुराव’, पीपीओत आडनावच नाही. एजंट लगेच ‘गॅझेट करावं लागेल’ म्हणतो आणि हजारोंचा आकडा सांगतो. एवढ्याशा फरकाला राजपत्र लागत नाही. ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज, एवढ्यावर भागतं. मात्र हे पदकाच्या अर्जाच्या आधी करा. दोन्ही एकत्र पाठवलंत की दोन्ही अडकतात.

आता पैशाचा हिशेब

पीपीओ काढा आणि बघा, त्यावर ‘डिसॅबिलिटी’ लिहिलंय की ‘वॉर इन्जुरी’. अपंगत्वाची कारणं सरकारनं ए ते ई अशा पाच गटांत मांडली आहेत. शत्रूच्या कारवाईतली किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या मोहिमेतली जखम शेवटच्या गटात येते आणि तिला वॉर इन्जुरीचा दर लागतो. ३१ जानेवारी २००१च्या आदेशानं १ जानेवारी १९९६पासूनच्या प्रकरणांना हे लागू केलं.

मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला शंभर टक्के अपंगत्वावर साधं अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, वॉर इन्जुरी असेल तर ६० टक्के. समजा शेवटचा पगार २०,००० आणि अपंगत्व ३० टक्के. पन्नासच्या आतली टक्केवारी ५० धरतात. मग साध्या दरानं महिन्याला ३,००० आणि वॉर इन्जुरीनं ६,०००, वर महागाई भत्ता वेगळा. म्हणजे त्या एका ओळीची किंमत महिन्याला तीन हजार, आयुष्यभर. जखमेमुळं नोकरी सोडावी लागलेल्यांचा दर याहून चांगला आहे : शंभर टक्क्यांवर पूर्ण पगाराइतका. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम आहेत, हे गणित त्यांना लावू नका.

दोन अडथळे आधीच सांगतो. नोकरीत असतानाच अपंगत्वाची एकरकमी भरपाई घेतली असेल तर दरमहाचा घटक मिळत नाही. आणि उशिरा मागितल्यावर थकबाकी जखमेच्या तारखेपासून मिळेल असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या तरसेम सिंग निकालापासून ती बहुतेक वेळा अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित राहते. ‘पोराचं लग्न होऊ दे, मग बघू’ म्हणून घालवलेलं एक वर्ष म्हणजे वरच्या हिशेबानं ३६,००० रुपये.

पीपीओतला बदल रेकॉर्ड ऑफिसकडून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातो आणि नंतर पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर दिसतो. या काळात ‘स्पर्शमधून बोलतोय, वाढीव पेन्शन जमा करायची आहे, ओटीपी सांगा’ असे फोन हमखास येतात. पेन्शन वाढवायला ओटीपी लागत नाही.

नकारच आला तर

लेखी नकार जपून ठेवा, त्यावरची तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेपासून सहा महिन्यांत सशस्त्र बल न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्यासाठी मुंबई खंडपीठ आहे, महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही तिथंच. उत्तरच आलं नाही तर अर्जानंतर सहा महिने थांबायचं, आणि पुढच्या सहा महिन्यांत दाखल करायचं. मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण कारण खरं आणि कागदावरचं हवं. एका अर्थानं गप्प बसलेल्या कार्यालयापेक्षा नकार बरा. नकाराला आव्हान देता येतं.

नुसत्या पदकासाठी मी कुणाला न्यायाधिकरणात जा म्हणणार नाही. वकिलाची फी आणि मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत. पण बॅटल कॅज्युअल्टीची नोंद आणि वॉर इन्जुरी पेन्शन पणाला असेल तर जरूर जा, पदक त्याच्या पाठोपाठ येतं. त्याआधी केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्रॅम्सवर, एक तक्रार टाकून बघा. ती मोफत आहे आणि निकालाची मुदत २१ दिवस. नोंदच नसेल तर तिथून हाती काही लागत नाही. फाइल नुसती पडून असेल तर मात्र हलते.

वकील लावलात तर फी लेखी ठरवा : किती, केव्हा, तारखेला किती, टायपिंग-झेरॉक्स वेगळी का. ‘आत्ता काही देऊ नका, थकबाकीतले वीस टक्के द्या’ ही ऑफर ऐकायला गोड लागते, पण निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. असं बोलणारा वकील नसेल, किंवा असला तरी तुमच्या कामाचा नाही. मोफत वकील मिळू शकतो हे फार थोड्यांना माहीत असतं. महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. म्हणजे जखमी सैनिकाची विधवा यात येतेच. शिवाय जुलै २०२५मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. तुमच्या जिल्ह्यात उघडलं का, ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

बाजारातलं पदक

छावणीच्या बाजारांत हवं ते पदक फितीसकट विकत मिळतं. मंजुरीपत्र हातात नसताना ते विकत घेऊन छातीवर लावू नका. गावच्या झेंडावंदनाला कुणी विचारणार नाही, पण कधी कुणी तक्रार केली तर तुमचा खरा दावाही संशयात सापडतो. मंजुरीपत्र आलंय आणि पदक यायचंय, असं मात्र पुष्कळदा होतं. पदकं कोलकात्याच्या टांकसाळीत बनतात, तिथून यायला वेळ लागतो. तेवढ्या काळात पत्राच्या तीन प्रती काढून एक सैनिक कल्याण कार्यालयात, एक पीपीओबरोबर आणि एक ट्रंकेत ठेवा.

पार्सल आलं की पोस्टमनसमोरच उघडा. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घ्या आणि डिस्चार्ज बुकाशी एकेक आकडा ताडून बघा. एखादा चुकला असेल तर आधी फोटो काढा, मग पदक पत्रासह त्याच रेकॉर्ड ऑफिसला परत पाठवा, आणि स्पीड पोस्टची पावती मंजुरीपत्राला टाचून ठेवा.